परदेशातल्या अनाथ मुलांना भेटायला जाणारे ख्रिस्ती स्वयंसेवक: कोणाचा समाचार घ्यायचा, आणि कसा?

निशिगंधा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाने यंदा सुट्टीत केनियाला जायचं ठरवलं आहे. नैरोबीजवळच्या एका बालगृहात राहायचं, मुलांशी खेळायचं, त्यांना गाणी शिकवायची, वर्गखोल्या रंगवायच्या आणि आजूबाजूच्या गरीब कुटुंबांना धान्य वाटायचं, असा बेत आहे. पोरं मनापासून तयारीला लागली आहेत, पैसे जमवताहेत. मोठं माणूस म्हणून मी सोबत जावं असं आमच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) सुचवलं, म्हणून मी या विषयाच्या मागे लागले. जे वाचलं आणि ज्यांच्याशी बोलले त्यातून माझं एक मत तयार झालं आहे. ते इथे मांडते. असं जाऊन आलेल्यांनी किंवा या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी जरूर लिहा.

जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं, म्हणजे भेटून विचारपूस करणं, हेच देवाच्या दृष्टीने शुद्ध धर्माचरण, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. ख्रिस्ती माणसासाठी ती आज्ञा आहे, जमलं तर करण्याची गोष्ट नाही. आणि ती आज्ञा पाळलेल्या माणसांची मोठी परंपरा आपल्यामागे आहे. जॉर्ज म्युलर जन्माने प्रशियाचा. तो इंग्लंडला गेला आणि १८३६ साली ब्रिस्टलमध्ये त्याने अनाथ मुलींसाठी पहिलं घर उघडलं. थेट कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, प्रार्थना करायची, ही त्याची रीत. १८९८ साली तो वारला तोवर सुमारे दहा हजार मुलं त्याच्या घरांत वाढली होती. एमी कारमायकल आयर्लंडहून आली, तमिळनाडूत दोहनावूरला तिने देवळांना वाहिलेल्या मुलींना आसरा दिला, आणि १९५१ साली तिथेच देह ठेवला. मधल्या पंचावन्न वर्षांत ती एकदाही मायदेशी गेली नाही. ऑरेगॉनचा शेतकरी हॅरी होल्ट आणि त्याची बायको बर्था यांनी १९५५ साली कोरियन युद्धात पोरकी झालेली आठ मुलं दत्तक घेतली. एवढी मुलं एकदम आणण्याची कायद्यात सोय नव्हती, म्हणून अमेरिकी काँग्रेसने खास कायदा केला.

या तिघांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आता पुन्हा वाचताना जाणवलं की म्युलर आणि कारमायकल त्या मुलांबरोबर आयुष्यभर राहिले आणि होल्ट कुटुंबाने मुलांना आपलं नाव दिलं. मुलांना भेटून परत आले, असं त्यांच्यापैकी कोणीही केलं नाही.

दुसरी गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि तिने माझं सगळं म्हणणं बदललं. युनिसेफच्या मोजणीत आई किंवा वडील यांपैकी एक जरी गेलं असलं तरी मूल अनाथ धरलं जातं. २०१५ साली जगात अशी सुमारे १४ कोटी मुलं होती. त्यांतली दोन्ही पालक गमावलेली साधारण १ कोटी ५१ लाख. म्हणजे बाकीच्या सगळ्यांची आई किंवा बाप जिवंत आहे, आणि ज्यांचे दोघेही नाहीत त्यांतली पुष्कळशी आजीकडे, मावशीकडे, थोरल्या भावाकडे वाढताहेत. बरं, जी मुलं अनाथाश्रमात आहेत ती तरी पोरकी असतील ना? तर नाही. सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २००९ सालच्या अहवालात म्हटलं आहे की संस्थांमधल्या दर पाच मुलांपैकी किमान चौघांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असतात.

मग ती तिथे का आहेत? गरिबीमुळे. शाळेची फी नाही, घरात खायला नाही, आई आजारी आहे, मूल अपंग आहे आणि जवळ उपचार नाहीत. आश्रमात गेलं तर शाळा आणि जेवण मिळेल, या आशेने आईच मुलाला नेऊन सोडते.

आता याकोबाचं वचन पुन्हा वाचा. अनाथ आणि विधवा एका दमात येतात. मला वाटतं ते यासाठी की ती दोघं बहुधा एकाच घरात असतात: बाप गेलेलं मूल आणि नवरा गेलेली त्याची आई. आपण मात्र त्या घरातून मूल तेवढं उचलून आणतो, त्याच्यासाठी इमारत बांधतो आणि मग विमानाने त्याला भेटायला जातो. विधवा तिच्या झोपडीत तशीच राहते.

यात पैशाचंही काम आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. युद्ध संपून कितीतरी वर्षं झाली होती. त्या काळात वाढत होते ते परदेशी पर्यटक आणि देणगीदार. तिथल्या मुलांपैकी चारांतल्या तिघांना आई किंवा बाप होता. नेपाळमध्येही बहुतेक बालगृहं काठमांडू खोऱ्यासारख्या, पर्यटक जातात त्या मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेली. हुमलासारख्या दुर्गम डोंगरी भागातल्या आईबापांना शिक्षणाचं आमिष दाखवून दलालांनी मुलं खाली आणली आणि कागदोपत्री अनाथ केली.

म्हणून माझं मत: आपला प्रवास, पैसा आणि प्रार्थना मुलाच्या घराला लागली पाहिजे, म्हणजे त्याच्यावर आश्रमात जायची वेळच येणार नाही. आमच्या संघाच्या बालगृहातल्या मुक्कामाला माझा विरोध आहे. पाळकांना अजून सांगितलेलं नाही. तुमचं काय म्हणणं?

पांथस्थ

ताई, कळकळ पोहोचली. पण हे सगळं शांत काळातलं बोलणं झालं. रोमानिया आठवा. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली, लोकांना पोसता येत नव्हती इतकी मुलं जन्माला आली आणि सरकारी संस्थांत भरली गेली. १९८९ च्या डिसेंबरात त्याची सत्ता कोसळली तेव्हा एक लाखाहून जास्त मुलं अशा संस्थांत होती. टीव्हीवर ती दृश्यं बघून पश्चिम युरोपातल्या चर्चेसनी औषधं, लंगोट, दूध पावडर भरून ट्रक नेले. आमच्या मंडळीतलं एक म्हातारं जोडपं त्यात होतं. पलंगाला बांधलेली मुलं त्यांनी सोडवली, आंघोळी घातल्या, कित्येक मुलांना पहिल्यांदा कोणीतरी मांडीवर घेतलं. त्यांनी आधी अहवाल वाचत बसायला हवं होतं का? समोरचं मूल उपाशी आहे तेव्हा खायला घालायचं. बायबलमध्ये मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेल्याला खायला दिलंत का एवढंच विचारलं आहे.

रोहिणी_बालहक्क

पांथस्थ, त्या जोडप्याने केलं ते योग्यच होतं. घर पेटलं असताना कोणी नियमावली काढत नाही. पण त्याच रोमानियात पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण आमच्या कामाची पायाभरणी तिथे झाली.

२००० साली बुखारेस्टमध्ये एक अभ्यास सुरू झाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना हे तिघे अमेरिकी संशोधक. संस्थांमधली १३६ लहान मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं फॉस्टर कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवली, निम्म्यांचं संस्थेतलं संगोपन चालू राहिलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि माणसाशी नातं जोडण्याची ताकद संस्थेतल्या मुलांपेक्षा ठळकपणे सुधारली. दोन वर्षांच्या आत जी घरी गेली त्यांचा फायदा सगळ्यात जास्त. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलाला रोज तेच माणूस हवं असतं, मग ते गरीब का असेना. स्वच्छ इमारत आणि दर आठवड्याला नवा चेहरा, यातून ते मिळत नाही.

निशिगंधाताई, तुमच्या मुलांना बालगृहात पाऊल टाकल्याटाकल्या जे दिसेल त्याबद्दल आधीच सांगून ठेवते. पाच मिनिटांत कोणीतरी चिमुरडं येऊन गळ्यात पडेल, हात सोडणार नाही. प्रत्येक स्वयंसेवक परत आल्यावर हाच फोटो दाखवतो आणि म्हणतो, किती प्रेमळ मुलं! पण घरात वाढलेलं तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाला बघून आईच्या मागे लपतं. जे मूल कोणाच्याही कडेवर जातं त्याला आपलं माणूस कोण हेच कळलेलं नसतं. संस्थांत वाढलेल्या मुलांत हे वागणं संशोधकांनी वारंवार नोंदवलं आहे. त्या मिठीने स्वयंसेवकाचं मन भरतं. मुलाच्या वाट्याला मात्र आणखी एक निरोप येतो.

केनियाबद्दल: तिथल्या सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात नव्या खासगी बालगृहांची नोंदणी थांबवली. त्यांचंही धोरण आता मुलांना कुटुंबात परत नेण्याचं आहे. शेजारच्या रवांडाने २०१२ सालीच अनाथाश्रम टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं, आणि त्यांच्याकडे तर १९९४ च्या वंशसंहारानंतर खरोखरच पोरकी झालेली मुलं होती. खर्चाचं म्हणाल तर टांझानियातल्या कागेरा भागात जागतिक बँकेने हिशोब मांडला होता. एका मुलाला संस्थेत ठेवायला जितका खर्च येतो, त्याच्या सुमारे सहाव्या हिश्शात ते फॉस्टर कुटुंबात वाढतं.

वाटसरू

मी सहसा लिहीत नाही. मी अशाच एका बालगृहात वाढलो. कुठल्या ते सांगणार नाही. आई होती. दर सणाला भेटायला यायची, पाहुणे येणार असले की तिला त्या दिवशी येऊ नको म्हणायचे.

परदेशी पाहुणे सुट्ट्यांच्या दिवसांत यायचे. चांगली माणसं होती, हे आधी सांगतो. त्यांच्यापैकी कोणाबद्दल मनात राग नाही. ते येण्याआधी आम्हाला गाणं बसवून घ्यायचे, ठेवणीतले कपडे काढायचे. पाहुणे असेपर्यंत जेवण चांगलं. जाताना ते रडायचे, आम्हीही रडायचो. लहान होतो तेव्हा प्रत्येकाचं नाव पाठ करायचो. पुढे नावं विचारणं बंद केलं. "मी परत येईन" असं खूप जण म्हणाले. त्यांना तसं खरंच वाटत असणार. पण लहान मुलगा ते वचन म्हणून ऐकतो आणि फाटकाकडे बघत बसतो.

एक जण मात्र परत येत राहिला. सुतार होता. आम्हा पोरांत फारसा मिसळायचा नाही. संस्थेच्या सुताराबरोबर दिवसभर काम करायचा, त्याला नवी अवजारं वापरायला शिकवायचा. मला थोडं मोठं झाल्यावर त्या दोघांच्या हाताखाली घेतलं. तो घरून पत्रं लिहायचा, आणि आईला भेटायला तो माझ्याबरोबर आमच्या घरी आला होता. आमच्या घरी आलेला तो एकमेव पाहुणा. आज मी जे काम करतो ते त्या दोघांनी शिकवलेलं आहे.

ताईंनी विधवेबद्दल लिहिलंय ते वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या आईला शिलाई मशीन आणि माझ्या शाळेची फी एवढंच मिळालं असतं तर मी घरी वाढलो असतो. संस्थेचा माझ्यावर झालेला खर्च त्याहून कितीतरी जास्त असणार.

निशिगंधा

वाटसरूदादा, मनापासून आभार. तुमची परवानगी असेल तर तुमचा प्रतिसाद, नाव न सांगता, तरुण संघाच्या पुढच्या सभेत वाचून दाखवते.

वाटसरू

वाचा.

आदित्य_क

मी ख्रिस्ती नाही, तरी एक प्रश्न विचारतो. राग मानू नये. या मदतीमागे धर्मांतराचा हेतू असतो असं आमच्याकडे सर्रास बोललं जातं. धान्याचं पाकीट आणि त्यासोबत पुस्तिका. गरीब माणूस नाही कसं म्हणणार? यावर तुमच्यात काही विचार होतो का?

जोसेफकाका

आदित्य, रास्त प्रश्न आहे, राग कसला. विचार होतो, आणि लेखी झालेला आहे. १९९४ साली रेडक्रॉस चळवळ आणि मदतसंस्था यांनी आपत्तीतल्या मदतीसाठी आचारसंहिता केली. मदत गरजेप्रमाणे द्यायची, घेणाऱ्याचा वंश, पंथ, देश बघायचा नाही, आणि कुठलाही राजकीय किंवा धार्मिक विचार पुढे रेटण्यासाठी ती वापरायची नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ती संहिता पुरस्कृत करणाऱ्यांत कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्था होत्या. म्हणजे हे बंधन चर्चेसनी स्वतःहून घालून घेतलं आहे. सगळे पाळतात का? नाही. जे पाळत नाहीत ते चूक करतात, असं मी चर्चमध्येही बोलतो. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोनीने वाटेत पडलेल्या जखमी माणसाला उचलून धर्मशाळेत नेलं, पदरचे पैसे दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. बदल्यात त्याने काही मागितलं नाही. कोणी विचारलं की तू हे का करतोस, तर श्रद्धेचं उत्तर जरूर द्यावं. पण पाकिटात पुस्तिका घालू नये. आणि काही देशांत हा कायद्याचाही प्रश्न आहे. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करण्यावर बंदी आहे, २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी स्वयंसेवक विमानाने परत येतो, तुरुंगात जायची वेळ स्थानिक भावावर येते.

आता गरीब कुटुंबांच्या भेटीबद्दल, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी सुरू केली. गरिबाच्या घरी जाऊन भेटणं हे तिचं मुख्य काम तेव्हाही होतं, आजही आहे. आम्ही दोघे-दोघेच जातो. वीस माणसांचा घोळका एका खोलीच्या घरात शिरला की तिथल्या बाईची अब्रू जाते, गल्लीभर कळतं की हिच्याकडे खायला नाही. आधी निरोप धाडावा. बसा म्हणाली तर बसावं. तिने पाणी पुढे केलं तर घ्यावं. घरात काय आहे काय नाही यावर नजर फिरवू नये. आधी ऐकावं, आणि काय हवं ते तिनेच सांगावं. आपण धान्य घेऊन जातो आणि तिची खरी अडचण असते भाडं, किंवा मुलाच्या जन्माचा दाखला. दाखल्यावाचून शाळेत नाव लागत नाही, आणि तो काढून द्यायला पैसे फारसे लागत नाहीत, कचेरीत खेटे घालणारं माणूस लागतं. ते माणूस तिथलंच हवं. आमच्याकडे एका देशातली शाखा दुसऱ्या देशातल्या शाखेशी जोडी लावते. पैसे इकडून जातात, घरी जाणारे पाय तिकडचे असतात. कोणाला खरी गरज आहे आणि कोण नुसता ओळखीचा आहे, हे तिथल्या माणसालाच कळतं.

फोटो काढू नये. यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

हिशोबनीस

माणूस तिथलंच हवं, या जोसेफकाकांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. १९९८ साली मिच चक्रीवादळाने होंडुरासची धूळधाण केली. उत्तर अमेरिकेतल्या चर्चेसचे गट घरं बांधायला गेले, आणि काही घरं स्थानिक लोकांनीच बांधली. तिथे राहणाऱ्या कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ख्रिस्ती आहे, नंतर दोन्ही प्रकारच्या घरांतल्या कुटुंबांना भेटून तुलना केली. घर कोणी बांधलं यावरून कुटुंबांच्या आयुष्यात काही फरक पडलेला दिसला नाही. खर्चात मात्र पडला: स्थानिक संस्था साधारण २,००० डॉलरमध्ये घर उभं करत होती, आणि परदेशी गटाचा प्रवासासकट खर्च ३०,००० डॉलरच्या घरात जात होता. जाऊन आलेल्यांच्या दानात, प्रार्थनेत कायमचा बदल होतो असं आपण म्हणतो, तोही त्याला फारसा आढळला नाही. जे आधीपासून आणि नंतरही त्या समाजाशी जोडलेले राहिले त्यांच्याकडून जास्त आशा ठेवता येते, असं त्याचं म्हणणं.

ताई, वर्गखोल्या रंगवायचा बेत काढून टाका. नैरोबीत रंगारी आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे.

पांथस्थ

हिशोबनीस, माणसं नुसतं बँकेचं चलन बघून पैसे देत नाहीत. तिकिटाचे पैसे उभे राहतात ते आपला मुलगा-मुलगी जाते आहे म्हणून. जाऊ नका म्हटलं की ते पैसे नैरोबीला पोहोचत नाहीत, घरीच राहतात. आणि हॅरी होल्टसारखी माणसं कुठे तयार होतात? कोणीतरी त्यांना ती मुलं दाखवलेली असतात.

मीरा_परिचारिका

पांथस्थांचं म्हणणं खोडून काढायचं कारण नाही. जाण्याने माणूस बदलतो, मी बदलले. पण कशासाठी जातोय याला महत्त्व आहे.

मी मर्सी शिप्सच्या जहाजावर सेवा केली आहे. १९७८ साली सुरू झालेली ही ख्रिस्ती संस्था. जहाज म्हणजे तरंगतं रुग्णालय. त्या देशाच्या सरकारने बोलावलं तरच जातं आणि महिनोन् महिने एकाच बंदरात थांबतं. सर्जन, परिचारिका, स्वयंपाकी, इंजिनियर, सगळे स्वयंसेवक, आणि आपल्या राहण्याजेवणाचे पैसे आपणच भरतो. रुग्णाला शस्त्रक्रिया मोफत. दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, वाकलेले पाय, चेहऱ्यावर वाढलेल्या मोठमोठ्या गाठी, बाळंतपणात झालेला फिस्टुला (आतली फाट, जिच्यामुळे लघवी गळत राहते). मी पश्चिम आफ्रिकेत, गिनीच्या कोनाक्री बंदरात होते. मला तिथली भाषा येत नव्हती, वॉर्डातलं माझं सगळं काम स्थानिक सहकाऱ्यांच्या तोंडून चालायचं. रुग्णाची भीती त्यांनीच घालवली, मी फक्त ड्रेसिंग केलं.

लहान मूल दाखल झालं की त्याच्याबरोबर आई किंवा घरचं कोणी राहतं. रात्री ते पलंगाखाली गादी टाकून झोपतं. वॉर्डात इतकी माणसं म्हणजे आम्हाला अडचणच, पण ते तसंच हवं. भूल उतरल्यावर मुलाने डोळे उघडले की समोर आई पाहिजे. पाय सरळ झालेलं मूल बरं होऊन आपल्या घरी जातं. वाकड्या पायांच्या मुलाला "इथे काही होणार नाही" म्हणून संस्थेत टाकतात, हे रोहिणींनी पाहिलं असेल. तेव्हा अनाथाश्रमाची एक पायरी रुग्णालयातही अडवता येते.

तुमच्या तरुणांत ज्यांच्या हातात असं काही कौशल्य आहे त्यांनी थोडं थांबून, शिकून, जास्त काळासाठी जावं. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेचं उदाहरण बघा, १९२० पासून काम करताहेत. त्यांच्या परदेशातल्या नेमणुका साधारण तीन वर्षांच्या असतात. आधी भाषा शिकायची, मग काम.

अ‍ॅडव्होकेट_रेखा

कोणी अजून बोललं नाही म्हणून लिहिते. २०१६ साली लंडनच्या न्यायालयाने एका ब्रिटिश तरुणाला २२ जन्मठेपा सुनावल्या. मलेशियातल्या गरीब ख्रिस्ती वस्त्यांत तो स्वयंसेवक, इंग्रजी शिकवणारा, भाविक मुलगा म्हणून वावरत होता आणि वर्षानुवर्षं लहान मुलांवर अत्याचार करत होता. कोणी चौकशी केली नाही कारण तो चर्चमध्ये यायचा.

तेव्हा पोलिस पडताळणी सगळ्यांची, पाळकांचीही. कोणीही मोठं माणूस मुलाबरोबर एकटं राहणार नाही. मुलांना आपला नंबर, खाजगी भेटवस्तू देणं नाही. तक्रार कोणाकडे करायची ते मुलांना त्यांच्या भाषेत सांगितलेलं हवं. जी संस्था "या कधीही, कागदपत्रं नकोत" म्हणते तिथे पाऊल टाकू नका, मग ती कोणाच्याही नावाने चालो. पर्यटक व्हिसावर सेवा करता येते का हेही त्या देशाच्या दूतावासाला विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

कायदाही या दिशेने सरकतो आहे. मुलांना अनाथाश्रमाच्या धंद्यासाठी घरातून आणणं हा आधुनिक गुलामगिरीचा प्रकार आहे, असं ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या कायद्याच्या वेळी मान्य केलं. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवी सहलींचा धोका नोंदवला. आणि हैती विसरू नका. २०१० च्या भूकंपानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेतले दहा बाप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना बसमध्ये घालून डोमिनिकन सीमेवर पोहोचले. कागद नव्हते. अटक झाली. पुढे कळलं की मुलांचे पालक जिवंत होते, शाळेच्या आशेने त्यांनी मुलं सोपवली होती. आपण चांगलं काम करतोय याबद्दल त्या लोकांना खात्री होती.

पांथस्थ

हैतीचं ठाऊक होतं. मलेशियाचं नव्हतं. वाचून झोप उडाली. पडताळणीच्या मुद्द्यावर माझी काही हरकत नाही.

निशिगंधा

सगळ्यांचे आभार. तुमचे प्रतिसाद घेऊन पाळकांशी आणि तरुण संघाच्या कार्यवाहांशी बसले. बराच वाद झाला. ज्या मुलीने सगळ्यात जास्त पैसे जमवले ती रडली, तिला वाटलं आपली सेवा कोणीतरी हिरावून घेतंय. वाटसरूदादांचा प्रतिसाद वाचल्यावर तीच म्हणाली की आपण सुताराबद्दल बोलू या.

सध्या ठरलं ते असं. बालगृहातला मुक्काम आणि रंगकाम रद्द. त्या भागातल्या एका स्थानिक मंडळीशी पत्रव्यवहार सुरू केला आहे. एकट्या आया आणि नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या यांच्या घरी त्यांच्या सेविका नियमित जातात. फी, दवाखाना, जन्मदाखले, छोटा धंदा, कशाला किती हवं ते त्या ठरवतील, आपण निदान काही वर्षं सलग पाठवत राहू. यंदा संघातले दोघे आणि मी एवढेच जाणार, त्यांच्या बोलावण्यावरून, त्यांचं काम समजून घ्यायला. पांथस्थ, तुमचा मुद्दा मी तिथे मांडला, म्हणूनच हे तिघांचं जाणं राहिलं.

एक प्रश्न अडला आहे. आमची मंडळी त्या बालगृहाला गेली काही वर्षं नेमाने देणगी देते. ती थांबवावी असं काहींचं म्हणणं. रोहिणीताई, काय करावं?

रोहिणी_बालहक्क

एकदम थांबवू नका. पैसे अचानक आटले तर पहिला फटका मुलांच्या ताटाला आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायकांच्या पगाराला बसतो. संस्था घाईने मुलं घरी सोडून देते, आणि तयारी न करता सोडलेलं मूल रस्त्यावर येतं.

संचालकांना सरळ पत्र लिहा. किती मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात आहेत, त्यांचा पत्ता संस्थेकडे आहे का? मुलं घरी कितीदा जातात, घरचे कितीदा येतात? सरकारी नोंदणी आणि न्यायालयाचे आदेश आहेत का? समाजसेविका नेमलेली आहे का? मग सांगा की आमची देणगी पुढेही चालू राहील, पण तिचा वाढता हिस्सा कुटुंबं शोधण्यासाठी, मुलांना घरी पोहोचवण्यासाठी आणि नंतर त्या घरांना उभं ठेवण्यासाठी वापरा. केनियात कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही मदतसंस्था आणि तिचे सहकारी २०१८ पासून नेमकं हेच करताहेत, संस्थांना स्वतःचं काम बदलायला मदत करतात. तिथल्या इमारती पुढे दिवसाची शाळा, दवाखाना किंवा आयांसाठी प्रशिक्षण केंद्र म्हणून वापरता येतात, आणि सांभाळणाऱ्या बायकांना घरभेटीच्या कामावर घेता येतं. ज्या थोड्या मुलांना खरोखर कोणी नाही त्यांच्यासाठी तिथल्याच मंडळीतली फॉस्टर कुटुंबं शोधावी लागतील. त्यासाठी दोन-तीन वर्षं लागू शकतात, घाई करू नका. पत्राला ते मोकळेपणाने उत्तर देतात की टाळाटाळ करतात, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

निशिगंधा

हे प्रश्न जसेच्या तसे पत्रात घालते. पाळकांची सही घेऊन या आठवड्यात पाठवतो. उत्तर आलं की याच धाग्यावर लिहीन.